दोन डोंगरांचं अक्षर

"हात ठेव गं," आमचे हे पंपाच्या खोलीच्या पायऱ्यांशी येऊन ओरडले, "आणि वारा लागला की सांग."

मी हॉटेलच्या उपसलेल्या पोहायच्या तलावात भिंतीला चिकटून उभी होते. भिंतीत छातीच्या उंचीवर मुठीएवढं भोक होतं, त्यावर मी तळहात ठेवला. आतून कुणी घसा खाकरावा तसा आवाज आला. मग गार पाण्याची चूळ हातावर येऊन आपटली, मग नुसत्या थुंक्या, आणि शेवटी कोरडा वारा.

"लागला!"

मी भोकात रबरी बूच बसवलं, लाकडी हातोड्याने ठोकलं आणि पुढच्या भोकाकडे वळले. तेवढ्यात हे पुन्हा वर आले.

"आता कुठं येतंय?"

"कुठं म्हणजे? तुम्ही कुठलं सोडलं?"

"तू सांग की. त्या कोपऱ्यातनं येतंय का ह्या?"

याआधी कितीतरी वर्षं आम्ही दोघांनी मिळून तो तलाव बंद केला होता. यांनी असं कधी विचारलं नव्हतं.

कुल्लूच्या वरच्या अंगाला डोंगराच्या उतारावर ते हॉटेल होतं. तलाव उन्हाळ्यापुरता. दिवाळी झाली की पाहुणे विरळ होत, रात्री बादलीतल्या पाण्यावर काचेसारखा पापुद्रा धरू लागे, मग तलाव बंद करायचा. नुसतं पाणी सोडून भागत नाही. जमिनीखालच्या पाइपांत जे पाणी राहतं ते गोठून फुगतं आणि पाइप फोडतं, मग उन्हाळ्याच्या तोंडावर सगळी फरशी उकरावी लागते. म्हणून हे टायरवाल्याचा कॉम्प्रेसर आणायचे आणि एकेका पाइपात हवा सोडून आतलं पाणी हुसकायचे. ते कुठून बाहेर पडतंय, संपलं की नाही, हे मी तलावात उभी राहून हाताने बघायची.

आम्ही आटपाडीकडचे. आमच्याकडची माणसं सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात देशभर पांगलेली. हेही तसेच चुलतभावाच्या दुकानात म्हणून तिकडे गेले होते. पण ॲसिडच्या धुराने छाती भरू लागली, तेव्हा ते काम सोडून हॉटेलात पंपावर लागले. मागून मी गेले. दोघांनाही अक्षर येत नव्हतं. मला त्याची लाज नव्हती, कारण बाईमाणसाला कोण विचारतं? यांना होती.

पंपाच्या खोलीत सहा पाइप शेजारी शेजारी भिंतीतून आत येत. प्रत्येकावर पाणी सोडायचं-बंद करायचं एक चाक, आणि चाकाच्या अलीकडे एक लहान पितळी तोटी, कॉम्प्रेसरची नळी जोडायला. कुठला पाइप कशाचा, हे कळावं म्हणून यांनी माझ्या जुन्या लुगड्यांच्या चिंध्या चाकांना बांधून ठेवल्या होत्या. तळाच्या पाइपाला हिरवी, माझ्या लग्नातल्या लुगड्याची. वरच्या झऱ्याचं पाणी तलावात आणणाऱ्या पाइपाला पिवळी. भिंतीतल्या भोकांच्या पाइपांना तांबड्या, निळ्या, ज्या असतील त्या. चिंध्या मी फाडल्या होत्या, गाठी यांनी मारल्या होत्या.

त्या वर्षी नेगीसाहेब म्हणून नवे मॅनेजर आले. वयाने आमच्या धाकट्या दिराएवढे, बोलायला गोड. ते पहिल्यांदा पंपाच्या खोलीत आले आणि हसले.

"मिस्त्रीजी, यह क्या? मन्नत का पेड़ बना रखा है!"

आठवड्यात पेंटर आला. चिंध्या कापून टाकल्या, सगळी चाकं आणि पाइप हिरवे केले, आणि वर भिंतीवर पांढऱ्या रंगात इंग्रजी अक्षरं लिहिली. साहेबांनी यांना विचारलं, "पढ़ लेते हो ना, मिस्त्रीजी?"

"क्यों नहीं, साहब," हे म्हणाले.

मी झाडू मारत होते. मान वर करून यांच्याकडे बघितलं. यांनी माझ्याकडे बघितलं नाही.

रात्री भाकरी वाढताना मी म्हणाले, "खरं सांगून टाका. तो काही वाईट माणूस नाही."

"आणि उद्या दुसरा वाचता येणारा ठेवला म्हणजे?" हे म्हणाले. "मी बोलता बोलता काढून घेतलंय त्याच्याकडनं. तळाच्या पाइपाचं अक्षर दोन डोंगरांसारखं आहे. बाकीचं हवा सोडून बघितलं की कळतं."

आता मी तलावात उभी राहून तेच बघत होते. हे कुठल्यातरी पाइपात हवा सोडत होते आणि कुठल्या भोकातून येते ते मला विचारत होते. काम होत होतं, पण आंधळ्यासारखं. कॉम्प्रेसर वर दाराशी धडधडत होता. त्याची नळी गळकी होती, म्हणून तो मधेच आपोआप बंद पडे आणि मधेच दचकवून सुरू होई. आभाळ खाली आलं होतं. नेगीसाहेब काठावर खुर्ची टाकून चहा पीत बसले होते.

भिंतीतली भोकं झाली. राहिला फक्त तळाचा पाइप.

तलावाच्या खोल टोकाला, तळाशी एक जाळी असते. तिच्याखालून तो पाइप पंपाच्या खोलीत जातो आणि तिथून डोंगराच्या पोटातून सरळ खाली नाल्यात उतरतो. त्याच वाटेने आम्ही तलाव रिकामा करत होतो. खोल टोकाला दीड वीत पाणी उरलं आणि उतरायचं थांबलं. देवदाराच्या काड्या आणि अक्रोडाची पानं जाळीवर थापली होती.

"पानं काढतो, मग हवा सोडतो," हे म्हणाले.

"आधी खालचं चाक बंद करा."

"तेच करायला चाललोय. मला शिकवतीस?"

ते खाली गेले आणि लगेच वर आले.

"बंदच आहे. फिरतच नाही चाक. पहिल्यापासूनच बंद असणार."

"बंद होतं तर पाणी कसं उतरत होतं?"

"अगं, उतरायचं थांबलंय ना? मग?"

थांबलेलं खरंच होतं. यांनी बाही दंडापर्यंत वर केली, गुडघ्यावर बसले, जाळी उचलून बाजूला ठेवली आणि भोकात हात घातला. मूठभर काळी पानं बाहेर काढून माझ्या पायाशी टाकली. पुन्हा मूठभर. "आत बोळा बसलाय," म्हणाले आणि कोपरापर्यंत हात घातला.

मग एक आवाज झाला. मोठा नव्हता. म्हशीने चिखलातून पाय काढावा तसा. आणि हे आडवे पडले.

मला वाटलं, शेवाळावरून घसरले. मी हसलेसुद्धा. "अहो, उठा की!"

ते उठले नाहीत. उजवा हात खांद्यापर्यंत तळात गेला होता. गाल पाण्यात होता. मान वाकडी करून तोंड वर काढायची धडपड चालली होती. दीड वीत पाणी. उभ्या माणसाच्या पोटरीला लागेल न लागेल एवढं. पण खांदा तळाला टेकला की तेवढं पाणी माणसाच्या बरोबर ओठांशी येतं.

"हौसे," ते म्हणाले, "हलू नको. पाणी हलतंय."

मी पुढे टाकलेलं पाऊल तिथेच धरलं. माझ्याच पावलाची लाट त्यांच्या तोंडावरून गेली. ते खोकले.

"साहेब!" मी किंचाळले.

नेगीसाहेबांच्या हातातला कप पडून फुटला. ते कोटाबुटासकट धावत आले. मी दोन्ही हात वर करून ओरडले, "हळू! साहेब, हळू! पाणी हलवू नका!" पण ते पाण्यात उतरलेच होते. लाट यांच्या तोंडावरून गेली आणि या वेळी तोंड परत वर यायला उशीर लागला.

साहेबांना कळलं. ते इंच इंच सरकत यांच्या मागे गेले, पाण्यात बसले आणि यांची मान आपल्या मांडीवर उचलून धरली. नाक आणि ओठ वर आले. काखेत हात घालून त्यांनी एकदा ओढून बघितलं. यांनी जो आवाज काढला तो मी त्यांच्या तोंडून आधी कधी ऐकला नव्हता, नंतरही नाही.

"वॉल्व खुला है," साहेब म्हणाले. त्यांचे ओठ पांढरे पडले होते. "पूरा पहाड़ नीचे खींच रहा है इनको. भाभी, आप सिर पकड़ो, मैं जाता हूँ."

मी एक पाऊल पुढे गेले. साहेब थोडे बाजूला झाले. तेवढ्यानेच यांची मान घसरली, तोंड पाण्याखाली गेलं. साहेबांनी परत वर घेतलं तेव्हा हे खोकत नव्हते. नुसते डोळे उघडे होते.

"नहीं! आप जाओ! मैं हिल नहीं सकता. एम! एम लिखा है, भाभी, उसको घुमाओ!"

"मला अक्षर येत नाही, साहेब!"

"तो मिस्त्रीजी ने..." ते बोलता बोलता थांबले. यांच्या तोंडाकडे बघितलं. मग एवढंच म्हणाले, "दो पहाड़! साथ-साथ दो पहाड़! जाओ!"

मी भिंतीच्या कडेकडेने पाय घासत निघाले, पाणी हलू नये म्हणून. आयुष्यात इतकं हळू मी कधी चालले नाही. कोरड्या उतारावर आले आणि मग पळाले.

खोलीत ताज्या रंगाचा वास होता. बाहेरच्या उजेडातून आल्यामुळे आधी काही दिसेना. मग सहा हिरवी चाकं दिसली, एकसारखी, आणि वर भिंतीवर पांढरी अक्षरं. मी डोंगर शोधले.

पहिल्या चाकावर नव्हते. दुसऱ्यावर नव्हते. तिसऱ्यावर होते. दोन डोंगर, शेजारी शेजारी, आणि पुढे आणखी एक अक्षर.

मी तिसरं चाक धरणार तेवढ्यात नजर पुढे गेली. पाचव्या चाकावरही दोन डोंगर होते. पुढे आणखी एक अक्षर.

मी परत तिसऱ्याकडे बघितलं. परत पाचव्याकडे. डोंगर तेच होते. पुढची अक्षरं वेगळी होती, पण ती मला कुणी सांगितली नव्हती. यांनाही कुणी सांगितली नसणार. तेव्हा कुठे मला कळलं की हे खाली येऊन कुठल्या चाकाशी उभे राहिले होते. भलत्याच चाकाशी. तळाच्या पाइपाच्या नव्हेच. ते दुसऱ्या डोंगरांचं चाक होतं, ते खरंच बंद होतं, आणि हे निश्चिंत मनाने वर येऊन भोकात हात घालून बसले होते.

आता तेच दोघांमधलं एक मला निवडायचं होतं.

मी तिसरं धरलं. एका बाजूला फिरवलं, फिरेना. दुसऱ्या बाजूला फिरवलं, सहज फिरलं. पाइपातून सळसळ गेली. मला बरं वाटलं. वाटलं, सुटला असणार हात.

वरून साहेबांचा आवाज आला. "पानी! भाभी, पानी आ रहा है! बंद करो! बंद करो!"

झऱ्याचं पाणी. मी झऱ्याचं पाणी तलावात सोडलं होतं, यांच्या तोंडावर. मी चाक उलटं फिरवलं, घट्ट होईपर्यंत फिरवलं, आणि घट्ट झाल्यावरही दोन्ही हातांनी दाबत राहिले. आणि नेमका तेव्हा कॉम्प्रेसर सुरू झाला.

त्यानंतर मला काहीच ऐकू येईना. वर माणूस जिवंत आहे की गेला, साहेब ओरडताहेत की गप्प झाले, काही नाही. नुसती धडधड, खोली हादरवणारी. मी पाचव्या चाकापाशी गेले. आता हेच उरलं होतं, हे मला समजत होतं. पण हात उचलेना. कुठल्या बाजूला फिरवायचं? जिकडे सहज फिरेल तिकडे फिरवून मी एकदा फसले होते. चाकांचं काम यांचं. माझं काम वर भोकाशी उभं राहून हात ठेवायचं. मला चाकं कळत नव्हती. मला फक्त हाताला लागतं ते कळत होतं, पाणी येतंय की वारा येतोय.

चाकाच्या अलीकडे ती पितळी तोटी होती.

मी तिची चिमटी धरून फिरवली. आधी अगदी थोडी. पाणी अंगावर उडेल म्हणून पदराचं टोक तिच्या तोंडाशी धरलं. पाणी उडालं नाही. पदर आत गेला.

तोटीने माझा पदर ओढून घेतला. तान्ह्या मुलाने ओढावा तसा, पण जोराने. मी तळहात टेकवला. तोटी माझ्या तळहाताला चिकटली, कातडी आत ओढली गेली. इतकी वर्षं मी हातावर पाणी घेतलं होतं, वारा घेतला होता, पण पाइप माझ्याकडून घेतोय हे पहिल्यांदाच. वर यांच्या हाताला जे ओढत होतं तेच हे. मी हात सोडवला, पदर हिसडून काढला, अर्धा फाटून आत गेला, आणि तोटी होती नव्हती तेवढी सगळी उघडली.

पाइपाने श्वास घेतला. दुसरा शब्द माझ्याकडे नाही. लांब, हिसक्यासारखा श्वास, आणि मग आत खोल कुठेतरी पाणी डोंगराखाली निघून गेल्याची घरघर.

मी पायऱ्या कशा चढले ते आठवत नाही. काठावर आले तेव्हा साहेब पाण्यातून उताराकडे सरपटत येत होते, आणि यांना मागून ओढत आणत होते. उजवा हात यांच्या अंगावर पडला होता, खांद्यापासून काळानिळा, दुसऱ्याच कुणाचा असावा तसा सुजलेला. मी छातीला कान लावला. कॉम्प्रेसर धडधडत होता, काही ऐकू येईना. मग मी तोंडावर तळहात ठेवला, भोकावर ठेवायची तसा.

थोडं पाणी आलं. मग वारा लागला.

"लागला," मी म्हणाले. साहेबांना काही कळलं नाही. ते तिथेच फरशीवर बसून लहान मुलासारखे रडायला लागले. त्यांचे बूट अजून पायात होते.

हात राहिला. डॉक्टर म्हणाले, कापायला लागला नाही हेच नशीब. पण दंडाखाली जाणीव गेली ती गेलीच. गरम तवा लागला तरी कळायचं नाही. दवाखान्यात साहेब रोज यायचे, सफरचंदं आणायचे. वाचता येतं असं का सांगितलंत, हे त्यांनी यांना कधीच विचारलं नाही. पुढच्या वर्षी तलाव बंद करायच्या आदल्या दिवशी ते घरून बायकोची एक लाल ओढणी घेऊन आले आणि माझ्या हातात दिली.

"बाँध दो, भाभी. जैसे पहले था."

यांना एका हाताने गाठ मारता येत नव्हती. गाठी मी मारल्या.

या गोष्टीला आता खूप वर्षं झाली. आम्ही गावी परत आलो. साठी उलटल्यावर, शाळेत बायकांचा वर्ग निघाला तेव्हा मी पाटी घेऊन गेले. सुना हसल्या. शिकवायला पाटलांची धाकटी सून होती, पोरगेलीशी. तिने पहिल्या दिवशी विचारलं, "आजी, आधी काय लिहायचं? तुमचं नाव?"

मी म्हणाले, "यांचं."

"सांगा की मग, काय नाव?"

मी जन्मात ते तोंडाने घेतलं नव्हतं. शेजारच्या बाईने सांगितलं तेव्हा पोरीने पाटीवर काढून दिलं. मी दिवसभर गिरवलं.

संध्याकाळी हे ओट्यावर बसले होते. मी शेजारी बसले, त्यांचा उजवा हात ओढून घेतला आणि तळव्यावर बोटाने पहिलं अक्षर काढलं.

"काय करतीस?"

"लिहितेय."

"त्या हाताला काय कळणार? इकडं काढ." त्यांनी डावा हात पुढे केला.

मी डाव्या तळव्यावर काढलं, सावकाश. त्यांनी डोळे मिटले होते.

"काय आहे हे?"

"तुमच्या नावातलं पहिलं. म."

"म," हे म्हणाले. त्यांची बोटं माझ्या बोटाभोवती हळूहळू मिटली.

"साहेबाने पण हेच सांगितलं होतं ना? एम म्हणजे म?"

"व्हय."

"मग ह्यात दोन डोंगर कुठं आहेत?"

"न्हाईत," मी म्हणाले. "मी नीट बघितलंय. ह्यात एक पण डोंगर न्हाई."

त्यांनी मूठ उघडली आणि हात परत माझ्यापुढे धरला.

"पुन्हा काढ," म्हणाले. "आणि या वेळी पुढचं पण."

मी काढलं. मल्हारी.